फुकटच्या टोचनाचा विमा

माझं लग्न ठरत होतं तेव्हा कुणीतरी माझ्या वडिलांना सांगितलं, "मुलगा अंधेरीला टोचनचं काम करतो." वडील हरखलेच. मुलुंडच्या आमच्या अख्ख्या चाळीत त्यांनी सांगून टाकलं की होणारा जावई दवाखान्यात असतो आणि इंजेक्शनं टोचतो. मुलगा बघायला आला, तेव्हा माझी आत्या चहा ठेवून सरळ त्याच्यासमोर बसली, पोलक्याची बाही वर केली आणि म्हणाली, "आलाच आहात तर मला शक्तीचं एखादं टोचून जा."

त्या माणसाचा चेहरा मी दाराआडून पाहिला. इतका घाबरलेला पुरुष मी तोवर पाहिला नव्हता. तिथेच ठरवलं, नवरा करायचा तर हाच.

हे गाड्या टोचन करायचे. म्हणजे रस्त्यात बंद पडलेली मोटार ट्रकच्या मागे साखळीने अडकवायची, पुढची चाकं उचलायची आणि ओढत गॅरेजला न्यायची. आधी हे गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडली ती पडलीच. तेव्हा ह्यांनी भंगारातला एक जुना ट्रक घेतला, त्याच्या पाठीवर लोखंडी दांडा उभा केला, दांड्याला कप्पी, कप्पीला साखळी आणि साखळीच्या टोकाला माझ्या मांडीएवढा हूक. सगळं स्वतःच्या हातानं. ट्रक दिसायला असा, की पोरं त्याला 'हत्ती' म्हणायची. पण घर त्या हत्तीवरच चालत होतं. तो उभा राहिला तर आम्ही आडवे, एवढा साधा हिशेब होता.

म्हणूनच ह्यांनी त्याचा विमा उतरवला होता. विमा एजंट आमच्याच अंधेरीच्या चाळीतला. पावती हातात देताना छातीवर हात ठेवून म्हणाला होता, "वहिनी, आता डोळे झाकून झोपायचं. सगळं कव्हर आहे." मी विचारलं, "हुकाला लटकलेल्या गाडीचं काय?" तो म्हणाला, "अहो, कडेवरच्या पोराचं कुणी वेगळं तिकीट काढतं का?" मला ते इतकं पटलं की मी त्याला परत चहा दिला.

पॉलिसी इंग्रजीत होती. आम्ही तिला हळदकुंकू लावून ट्रंकेत ठेवली.

तर आता दसऱ्याकडे येते.

दसऱ्याला सासूबाईंनी ट्रकची पूजा मांडली. त्या मालवणकडच्या. पूजा म्हणजे पूजा, त्यात काटकसर नाही. चाकांना हळदकुंकू, काचेला स्वस्तिक, आणि झेंडूचा सगळ्यात जाड हार हुकाला. का, तर पोट भरतो तो हूक! हार असा गुंडाळला आणि वर लाल दोऱ्याने असा करकचून बांधला, की हूक दिसेनासाच झाला. वर हुकूम सोडला, "उद्या सकाळपर्यंत हार काढूचो नाय. पूजा मोडूची नाय. आणि आज ह्या गाडयेन कमाई करूची नाय. आज तिचो मान."

दुपारी श्रीखंडपुरीचं जेवण होऊन आम्ही जरा लवंडतो न लवंडतो तोच दारात आरोळी आली, "ओ टोचनवाले! माजी गारी मेली!"

वेसाव्याची मावशी. मासळीच्या धंद्यातली मोठी बाई, स्वतःच्या होड्या असलेली. कुणाचीच सख्खी मावशी नव्हती आणि सगळ्यांची मावशी होती. त्या दिवशी तर अंगावर सणाचं लुगडं, गळ्यात, कानात, हातात, जिथे जागा मिळेल तिथे सोनं. नवी घेतलेली पांढरी मोटार घेऊन मरोळला नातेवाइकांकडे आली होती. परत निघाली आणि आमच्या नाक्यावर मोटार बंद. ड्रायव्हर मोटारीचं तोंड उघडून दोन मिनिटं बघत उभा राहिला, आणि सणाच्या दिवशी कोण काळं होणार म्हणून बसने निघून गेला.

हे म्हणाले, "मावशी, आज धंदा नाही. ट्रक पूजेला बसलाय."

"दुप्पट देते."

"दुप्पट काय, एकपटही नको. आज पैसे घ्यायचेच नाहीत. पण तुम्हाला घरी सोडतो. माणुसकी म्हणून."

"फुकट?" मावशीने कमरेवर हात ठेवले. "मना फुकट काय चालत नाय. आजवर फुकटचा चिमूटभर सुका जवला पन घेतला नाय कुनाचा!" असं म्हणून तिने पिशवीतून आपट्याची पानं काढली आणि ह्यांच्या हातात ठेवली. "हे घे सोनं. आता फुकट नाय झाला."

ह्यांनी पानं कपाळाला लावली आणि वाकून नमस्कार केला. मग मोटार अडकवायला गेले.

हुकाच्या तोंडाशी एक खटका असतो. साखळी आत गेली की तो खाली पडतो आणि तोंड बंद होतं. ह्यांनी हाराला हात घातला मात्र, सासूबाई उंबऱ्यावरून कडाडल्या, "हार!" ह्यांनी हात काढला. साखळी झेंडूतूनच आत सारली, वरून दाबून पाहिली. ठीक वाटली. मोटारीचं तोंड उचललं गेलं. मावशी ट्रकमध्ये बसायला तयार होईना. "माजी गारी सोरून मी कुठं जानार नाय," म्हणून आपल्याच मोटारीच्या मागच्या सीटवर ऐसपैस बसली. मी पुढे ह्यांच्या शेजारी. सणाची साडी होती अंगावर, आणि वेसाव्याला समुद्र आहे. मी का सोडीन?

अंधेरीचा पूल चढायला लागलो. मी मागच्या जाळीतून मावशीकडे बघून हात केला. मावशीनेही हात केला, अगदी मिरवणुकीतल्या राणीसारखा. आणि मग मला वाटलं, मावशी जरा लहान झाली. मी डोळे चोळले. मावशी आणखी लहान झाली. तिचा हात अजून हलत होता, पण आता तो वेगळा हलत होता.

"अहो," मी म्हटलं, "मावशी चालली."

"कुठे?"

"मागे!"

ह्यांनी आरशात पाहिलं आणि ह्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी पुन्हा कधी ऐकला नाही. खटका बंद झालाच नव्हता. त्याच्या जबड्यात झेंडूचा गोळा होता. चढावर ट्रकला एक गचका बसला, साखळी सटकली आणि मावशीची पांढरी मोटार मावशीसकट पाठमोरी उताराला लागली.

रस्ता सणामुळे रिकामा होता, म्हणून वाचली. पुलाच्या पायथ्याशी रस्ता वळतो. मोटार वळली नाही. समोर मिठाईचं दुकान. दुकानदाराने फुटपाथवर मांडव घालून श्रीखंडाची पिंपं मांडलेली, पुढे रांग. रांगेतल्या लोकांनी उतारावरून पार्श्वभाग पुढे करून येणारी मोटार पाहिली आणि जो तो जिथे वाट मिळेल तिथे पळाला. मोटार मांडवातून, पिंपांतून, काचेच्या कपाटातून आत शिरली आणि थंड पेट्यांवर टेकून थांबली.

आम्ही धावत पोचलो तेव्हा सगळीकडे शांतता होती. इतकं श्रीखंड मी एका ठिकाणी कधी पाहिलं नव्हतं. भिंतीला श्रीखंड, पंख्याला श्रीखंड, देवाच्या तसबिरीला श्रीखंड. मोटारीचं मागचं दार करकरत उघडलं आणि मावशी बाहेर आली. केसांपासून बांगड्यांपर्यंत केशरी. कपाळावर टेंगूळ. ती काय बोलेल म्हणून आम्ही श्वास रोखून उभे. तिने ओठावरचं बोट चाटलं.

"वेलदोडा कमी हाय," ती म्हणाली, आणि मग फतकल मारून खाली बसली आणि रडायला लागली.

कुणालाही तिच्या टेंगळापलीकडे काही झालं नव्हतं. पण दुकान संपलं होतं. दुकानदार मारका नव्हता, आणि हेच जास्त कठीण. त्याने ह्यांना बाजूला घेतलं, हात पुढे केला आणि शांतपणे म्हणाला, "चावी. भरपाई होईपर्यंत ट्रक माझ्या दुकानामागे राहील. नाही झाली तर ट्रक विकून मी माझं दुकान उभं करणार. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?" ह्यांनी चावी दिली. दुसऱ्या दिवशी सवयीने सकाळी उठून ट्रक पुसायचं फडकं घेतलं आणि बाहेर जाऊन रिकाम्या जागेकडे बघत उभे राहिले. गिरणी गेली तेव्हा ते असेच उभे राहिले होते म्हणे. मी तेव्हा नव्हते. आता होते.

पण विमा होता ना! "सगळं कव्हर." मी एजंटाच्या दाराशी गेले. एजंट गावी गेला होता. दसरा करून आला आणि दिवाळीला परत गेला म्हणे. दिवाळी अजून यायची होती.

कंपनीकडून पाहणी करायला एक साहेब आले. नुकतेच बदली होऊन मुंबईत आलेले, हिंदीत बोलणारे, सडपातळ, घामेजलेले. माणूस प्रामाणिक आहे हे त्यांच्या झिजलेल्या चपलांवरूनच कळत होतं. आम्ही सगळे त्या मोडक्या दुकानात जमलो. हे, मी, सासूबाई, दुकानदार आणि मावशी. मावशी बाजारातून थेट आली होती, टोपली सोबत. साहेबांनी मोडकं कपाट पाहिलं, मोटारीची चेपलेली पाठ पाहिली, मग स्टुलावर बसून आमची पॉलिसी उघडली. तिच्यावरचं हळदकुंकू त्यांच्या पँटवर सांडलं.

"देखिए," ते म्हणाले, "ट्रक किसी बंद गाड़ी को टो कर रहा हो, तब भी पॉलिसी चालू रहती है. दुकान का नुकसान थर्ड पार्टी में आएगा. लेकिन शर्त है. टोइंग फॉर रिवॉर्ड नहीं होनी चाहिए."

"म्हणजे?" हे म्हणाले.

दुकानदाराला इंग्रजी येत होतं. "रिवॉर्ड म्हणजे बक्षीस," तो म्हणाला. "तुम्ही बक्षीस घेऊन गाडी ओढली तर विमा नाही." आणि त्याने ह्यांच्याकडे असे डोळे मोठे केले, की आंधळ्यालाही कळावं. भरपाई त्यालाच मिळणार होती.

हे तोंड उघडणार, इतक्यात सासूबाई उठल्या. "बक्षीस?" त्या साहेबांवर बरसल्या. "माझो झील भिकारी आसा काय? बक्षीस घेणा नाय तो! हक्काची मजुरी घेता! रोख! मोजून!"

दुकानदाराने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. साहेबांना मजुरी आणि रोख हे दोन शब्द छान कळले. त्यांनी मान हलवली. "माताजी, वही तो रिवॉर्ड है. मजदूरी, किराया, पैसा, सब."

मी हादरले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अहो, आमचा ट्रक दुसरं करतो काय? तो टोचनच करतो! आणि टोचनचे पैसे घेतले की विमा नाही! म्हणजे फुकट ओढली तर विमा आणि धंदा केला तर नाही! इतके दिवस भर रस्त्यात, भर वाहतुकीत आम्ही एकेक गाडी लटकवून नेत होतो, आणि दर खेपेला हातात पैसे पडले की डोक्यावरचं छप्पर उडत होतं, आणि आम्ही खाली डोळे झाकून झोपलो होतो!

साहेबांनाही ते विचित्र वाटत असावं. "धंधे के लिए अलग से लेना पड़ता है. ज़्यादा प्रीमियम. आपको किसी ने बताया नहीं?"

कोण सांगणार? तो गावी होता.

ह्यांनी हात जोडले. "साब, बाकी दिन लेता हूँ. झूठ नहीं बोलूँगा. लेकिन उस दिन नहीं लिया. दशहरा था. ट्रक पूजा में था. एक पैसा नहीं लिया."

साहेबांनी ह्यांच्याकडे पाहिलं, मग मावशीच्या अंगावरच्या दागिन्यांकडे. टोचनवाला माणूस अशा बाईची गाडी फुकट ओढतो, यावर कोणता साहेब विश्वास ठेवील? मीच ठेवला नसता. त्यांनी मावशीला विचारलं, "आपने इनको कुछ दिया था?"

दुकानदाराने मान जोरजोरात हलवली, नाही म्हणा, नाही म्हणा. मावशीला त्याचाच राग आला. सगळ्यांसमोर तिला फुकटी ठरवतो म्हणजे काय!

"दिया तो!" ती गरजली. "हम क्या फोकट का बैठेगा? मेरेकू फोकट नाय चलता! सोना दिया मैंने इसको, सोना!"

"सोना?" साहेबांचं पेन थांबलं.

"हां, सोना! हात में दिया. माथे को लगाया इसने!"

साहेब ह्यांच्याकडे बघत राहिले. त्या नजरेत राग नव्हता. नुसतं आश्चर्य होतं, की हा फाटक्या शर्टातला माणूस एक गाडी ओढायचं सोनं घेतो आणि वर हात जोडून एक पैसा घेतला नाही म्हणतो. त्यांनी पॉलिसी मिटली. हे मटकन एका पिंपावर बसले. दुकानदार म्हणाला, "वाट लागली."

आता बोलून उपयोग नव्हता, हे मला दिसलं. बोलणाऱ्या तिघांनी बोलून ट्रक घालवला होता. माहेरी गणपतीतल्या नाटकांत मी कामं करायचे, तेव्हा एक शिकले होते, शब्द संपले की हातात वस्तू घ्यायची. दुकानदाराच्या देवाच्या तसबिरीपुढे आपट्याची वाळलेली पानं होती. मी एक जोडपान उचललं, मुठीत झाकलं आणि साहेबांपुढे वाकले.

"साहब, आप भी लीजिए. सोना."

साहेब स्टुलावरून असे उडाले की स्टूल पडलं. "मैडम! ये क्या कर रही हैं आप! मैं रिश्वत नहीं लेता!" ते मागे सरत खांबाला टेकले. "बाईस साल की नौकरी में किसी से चाय तक नहीं..."

"लीजिए ना. सबको देते हैं."

"सबको?" साहेबांना आता मुंबईचीच भीती वाटायला लागली असावी.

मी त्यांचा हात धरला. परक्या पुरुषाचा हात सासूबाईंसमोर धरला, आजही अंगावर काटा येतो. त्यांच्या तळव्यावर पान ठेवलं आणि म्हटलं, "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा."

त्यांनी एक डोळा मिटून तळहाताकडे पाहिलं. मग दोन्ही डोळ्यांनी पाहिलं. पान उलटं करून पाहिलं.

"ये सोना है?"

"दसरे को यही सोना होता है, साहब," दुकानदार म्हणाला.

"यही दिया था?"

"यही!" मावशी म्हणाली. "और क्या मंगळसूत्र निकाल के देगा?"

साहेबांनी एकदा पानाकडे पाहिलं, एकदा मावशीच्या गळ्याकडे. मग त्यांच्या पोटातून कुठून तरी खळखळ सुरू झाली आणि तो सडपातळ माणूस खांबाला धरून हसला. हसता हसता डोळे पुसले, चष्मा पुसला आणि गंभीर झाला. "पत्ता रिवॉर्ड नहीं है," ते म्हणाले. त्यांनी सगळ्यांचे जबाब पुन्हा पहिल्यापासून घेतले. दसऱ्याला ट्रक कमाई करत नाही हे सासूबाईंकडून तीनदा वदवून घेतलं. त्यांनी ते मालवणीत सांगितलं, दुकानदाराने हिंदीत. शेवटी म्हणाले, दुकानाचं नुकसान मी मंजुरीला पाठवतो, होऊन जाईल.

दुकानदाराने खिशातून चावी काढून ह्यांच्या हातात ठेवली. ह्यांनी ती मुठीत घट्ट धरली आणि तोंड फिरवलं. मी बघितलं नाही असं दाखवलं.

"आनि माजी गारी?" मावशीने विचारलं.

साहेब कसनुसे झाले. "जो गाड़ी टो हो रही है, उसका नुकसान इसमें नहीं आता, माताजी. चाहे पैसा लिया हो या न लिया हो."

मावशीला हे समजायला वेळ लागला. "म्हंजे श्रीखंडाला विमा हाय," ती म्हणाली, "आनि ज्या गारीची पाठ मोरली तिला नाय? मी मधी बसलेली, मना पन नाय?"

मला वाटलं, आता ही ट्रकची चावी मागणार. आणि मागितली असती तर तिचंही खरंच होतं. हे पुढे झाले. "मावशी, तुमची गाडी मी ठोकून देतो. पत्र्याचं काम मला येतं. रंगही मीच देईन. माझ्या हातून पडली, माझ्या हातून उभी राहील."

मावशीने त्यांना खालून वर न्याहाळलं. "रंग पांढराच पायजे. केशरी नको."

"पांढराच."

"मंग ने गॅरेजला. आज पूजा नाय, काय नाय. आज टोचनचे पैसे घ्यायचे." तिने कनवटीला हात घातला.

हे दोन पावलं मागे सरले. "नाही, नाही! धंद्याचा वेगळा विमा होईपर्यंत मी कुणाकडून काही घेणार नाही. साहेबांसमोर सांगतो."

"मी फुकट जानार नाय!"

"मी घेणार नाही!"

"बघते कसा नाय घेत!" म्हणून मावशीने टोपलीत हात घातला आणि पापलेटांची चांगली तळहाताहून मोठी जोडी काढून कागदात गुंडाळली. ती ह्यांच्याकडे करते, हे ढकलतात, ती पुन्हा करते. साहेब रिक्षात बसतच होते. मी धावत गेले.

"साहब, पापलेट रिवॉर्ड में आता है क्या?"

त्यांनी रिक्षातून मान बाहेर काढली. मावशीच्या हातातल्या पुडक्याकडे पाहिलं, मग ह्यांच्या चेहऱ्याकडे. "मछली बिल्कुल मत लेने दीजिए," ते म्हणाले, आणि रिक्षा सुटली.

मी ओरडतच मागे वळले, "अहो, घेऊ नका! विमा जाईल! घेऊ नका!"

हे दोन्ही हात वर करून उभे होते. मावशीचेही हात रिकामे होते. दोघंही सासूबाईंकडे बघत होते. सासूबाई घराच्या दिशेने निघाल्या होत्या, बऱ्याच लगबगीने, आणि त्यांच्या पदराखाली काहीतरी होतं.